शेततळ्याच्या कागदाचा ताठपणा

आमच्या एका विद्यार्थ्याच्या शेतातील तळ्याचा प्लास्टिकचा कागद तिसऱ्याच उन्हाळ्यात काठावरच्या घडीला चिरला आणि हरभऱ्यासाठी राखलेले पाणी मुरून गेले. "कागद तर चांगला जाड होता, सर," तो म्हणाला. जाडी, ताठपणा आणि टिकाऊपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला समजावताना आम्हालाच प्रयोग करावा लागला.

प्रथम भाजीच्या वाफ्यावर अंथरतात तो पॉलिथिनचा पातळ कागद घेतला. पाच घड्या घालून 32 पदर केले. व्हर्नियरने जाडी 0.8 मिमी भरली, म्हणजे एका पदराची 25 मायक्रॉन. त्याची 1 सेंमी रुंद पट्टी टांगली, 50 सेंमी अंतरावर दोन खुणा केल्या व खाली 50 ग्रॅमचे वजन अडकवले. खुणांतील अंतर सुमारे 5 मिमी वाढले. बलाला छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की प्रतिबल मिळते. ते दर चौरस मिमीला सुमारे 2 न्यूटन आले. वाढीला मूळ लांबीने भागले की विकृती, येथे 0.01. प्रतिबल भागिले विकृती म्हणजे यंगचा गुणांक, अर्थात ताठपणाचे माप : सुमारे 200. पोलादाचा हाच आकडा 2 लाखांच्या आसपास असतो. मात्र पॉलिथिन वजनाखाली सावकाश ताणतच राहते व उन्हात अधिक मऊ पडते. म्हणून माप ठरल्या वेळी, सकाळीच घ्यावे.

टाकीवरचा रंग असा सोलून टांगता येत नाही. त्यात हिऱ्याचे सूक्ष्म टोक दाबतात व ते मागे घेताना थर कसा उसळतो यावरून गुणांक काढतात. ऑलिव्हर आणि फार यांनी 1992 साली मांडलेली ही पद्धत आज रूढ आहे. टोक जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून खोल गेले, तर खालच्या धातूचा ताठपणा मापात मिसळतो. दुसरी युक्ती दुधाच्या सायीची आठवण करून देते. मऊ रबरावर थर चिकटवून रबर दाबले की सुरकुत्या पडतात. जाडी तीच असता सुरकुत्यांतील अंतर जितके मोठे, तितका थर ताठ. पण हे नाते घनाचे आहे : अंतरात दहा टक्के चूक, तर उत्तरात सुमारे तीस.

पुढे त्या मुलाने तळ्याच्या कागदाचे दोन तुकडे आणले. एक तळाचा, एक काठाचा. जाडी वीस पट, म्हणून वजनही वीस पट, 1 किलो लावले. काठाचा तुकडा किंचित कमीच ताणला, म्हणजे तोच अधिक ताठ ठरला. नंतर दोन्ही हाताने ओढले. तळाचा लांबत गेला. काठाचा मात्र कटकन तुटला. उन्हाने त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटल्या होत्या. ते टाळण्यासाठीच अशा कागदात काजळी मिसळतात.