लेखनिक, वाढीव वेळ आणि आपला संकोच

माषतुष मुनींची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी व्याख्यानात ऐकलेली असते. 'मा रुष, मा तुष', म्हणजे रोष करू नकोस, तोष मानू नकोस, एवढे दोन शब्दसमूहही त्यांच्या मुखी नीट बसत नसत. घोकता घोकता त्यांचे 'माषतुष' होई आणि लोक हसत. गुरूंनी मात्र त्यांच्यावर सबंध शास्त्राच्या पाठांतराचा आग्रह धरला नाही. तेवढ्याच घोकण्यावर ते केवलज्ञानास पोहोचले. दिगंबर परंपरेत शिवभूती मुनींची कथा बरीचशी अशीच आहे. आपण ती भक्तिभावाने ऐकतो, आणि घरी येऊन 'ब' व 'व'ची अदलाबदल करणाऱ्या मुलाला आळशी ठरवतो.

दुकानात बसला की हा मुलगा गिऱ्हाइकाला अचूक भाव सांगतो; सुटे पैसे परत देताना चुकत नाही. तोच उत्तरपत्रिकेत अर्धी वाक्ये गाळतो, ६९चे ९६ करतो, आणि वेळ संपते तेव्हा त्याचे दोन प्रश्न कोरे राहिलेले असतात. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असूनही वाचन, लेखन वा गणनात येणाऱ्या अशा अडथळ्याला अध्ययन-अक्षमता म्हणतात. डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया आणि डिस्कॅल्क्युलिया ही तिचीच रूपे होत. अशा मुलांसाठी परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्येच घेतला होता. पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन-अक्षमतेचा आपल्या यादीत समावेश केला. वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा या कायद्याच्या सतराव्या कलमात स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र शासनाच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे भरपाईची वेळ तासाला किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या परीक्षेला एक तास.

'मग हुशार मुलांवर हा अन्याय नव्हे काय?' असे मला अनेकदा विचारतात. माझी उभी नोकरी बँकेत झाली. हात कापत असल्याने सही न जमणाऱ्या वृद्ध खातेदाराचा अंगठा आम्ही दोन साक्षीदारांसमक्ष घेत असू. अंगठाही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्यामुळे त्याच्या ठेवीत एक रुपयाही वाढत नाही, त्याचे असलेले पैसे त्याला मिळतात, इतकेच. लेखनिक उत्तर सांगत नाही. विद्यार्थी सांगेल ते लिहितो.

खरी अडचण कायद्यात नसून आपल्या घरात आहे. प्रमाणपत्र घेतले तर उद्या सोयरीक जमताना आडवे येईल, विशेषतः मुलगी असेल तर, ही भीती उघडपणे कोणी बोलत नाही. पण तिच्यापायी तपासणी वर्षानुवर्षे लांबते. शिकवण्या वाढतात, मार बसतो, आणि अखेर 'पेढीवर बसव' असा निकाल लागतो. पेढीवर बसण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु ज्याला सी.ए. व्हायचे होते त्याने नाइलाजाने गादीवर बसावे, हे मला पटत नाही. शिवाय आजची पेढी जी.एस.टी.च्या विवरणपत्रांवर चालते. लिहिण्यावाचण्यातून तिथेही सुटका नाही.

तपासणीला उशीर करू नये. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळू शकते. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होते, आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायम चालते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. चाचण्या एका बैठकीत उरकत नाहीत, आणि बोर्डाकडील अर्ज शाळेमार्फत जातो. म्हणून दहावीच्या दिवाळीनंतर धावाधाव करणाऱ्यांची फार ओढाताण होते. आठवीतच सुरुवात केलेली बरी.

लेखनिक हा स्वतंत्र विषय आहे. २०१८च्या सूचनांनुसार विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्याहून एक पायरी खालच्या इयत्तेतला असावा लागतो. दहावीच्या मुलासाठी नववीतला चालेल. अनोळखी लेखनिकाला सांगून लिहवून घेणे सोपे नसते. आकृती, समीकरण, परिच्छेद कुठे सोडायचा, सारे तोंडी सांगावे लागते. दोघांनी निदान दोन महिने जुन्या प्रश्नपत्रिका एकत्र सोडवाव्यात. पाठशाळेत येणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांची नावे प्रत्येक गावच्या संघाने जूनमध्येच लिहून ठेवली, तर फेब्रुवारीत कोणाच्या आईवर लेखनिकासाठी दारोदार फिरण्याची वेळ येणार नाही.