ऑप्शन फॉर्ममध्ये पहिला नंबर कुणाला द्यायचा? इंजिनिअरिंग प्रवेशाचं अल्गोरिदम सोप्या भाषेत

गेल्या प्रवेशाच्या वेळी सिरसाळ्याहून मामेभावाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. परळी तालुक्यातल्या आमच्या या गावात बारावी सायन्सची पोरं फॉर्म भरायला नेट कॅफेवरच जातात. फोटोत त्याच्या ऑप्शन फॉर्मची प्रिंट होती. पहिल्या नंबरला जे कॉलेज होतं, तिथे त्याला जायचंच नव्हतं. ज्या ब्रांचसाठी वर्षभर अभ्यास केला, ती सतराव्या नंबरला.

विचारलं तर म्हणाला, "दादा, नेटवाला म्हणला मिळण्यासारखं असंल तेच वर टाक. वरचे नंबर वाया गेले तर खालचं पण हातचं जातंय."

हेच वाक्य दहा वर्षांपूर्वी मलाही सांगितलं होतं, आणि मी ऐकलं होतं. नंतर कटऑफची यादी बघितली तेव्हा कळलं की मला हवी असलेली ब्रांच माझ्यापेक्षा कमी मेरिटवाल्याला मिळाली होती. मी ती खाली टाकली होती आणि वरची जागा मिळाल्यामुळे कॉम्प्युटर तिथपर्यंत पोहोचलाच नाही. चूक कॉम्प्युटरची नव्हती. चार वर्षांचा निर्णय मी एका गैरसमजावर घेतला होता.

म्हणून आज कोडिंगचं नाही, या प्रवेशाच्या अल्गोरिदमचं बोलू.

कॅप म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून होतात. एमएचटी-सीईटी दिली, नोंदणी केली, कागदपत्रं तपासली की राज्याची गुणवत्ता यादी लागते. त्यात तुमचा एक मेरिट नंबर असतो. मग ऑप्शन फॉर्म भरायचा.

इथे तुम्ही नुसतं कॉलेज निवडत नाही. प्रत्येक 'कॉलेज + ब्रांच' जोडीला वेगळा चॉईस कोड असतो. एकाच कॉलेजचं कॉम्प्युटर आणि मेकॅनिकल म्हणजे दोन ऑप्शन. त्याच ब्रांचची ट्यूशन फी माफीची, म्हणजे टीएफडब्ल्यूएसची जागा हवी असेल तर तिसरा ऑप्शन, ज्याच्या कोडच्या शेवटी 'टी' असतो.

कॉम्प्युटर जागा कशी वाटतो?

आरक्षण थोडा वेळ बाजूला ठेवा. मूळ पद्धत अशी:

१. गुणवत्ता यादीतला सगळ्यात वरचा विद्यार्थी घ्या.
२. त्याच्या यादीतला पहिला ऑप्शन बघा. जागा शिल्लक असेल तर देऊन टाका. नसेल तर दुसरा, मग तिसरा.
३. त्याचं झालं की मेरिटमधला पुढचा विद्यार्थी घ्या.

आता समजा एका ब्रांचला एकच जागा उरली आहे. मेरिट नंबर २०,००० वाल्याने ती चाळिसाव्या नंबरला टाकली आहे आणि त्याचे वरचे ३९ ऑप्शन भरून गेले आहेत. मेरिट नंबर २०,००१ वाल्याने तीच ब्रांच पहिल्या नंबरला टाकली आहे. जागा कुणाला मिळेल?

२०,००० वाल्याला. त्याने चाळिसाव्या नंबरला टाकली असली तरी!

सगळा गैरसमज इथेच आहे. पहिल्या नंबरला टाकलं म्हणून कॉलेज तुम्हाला जास्त पॉईंट देत नाही. वरचे ऑप्शन हुकले म्हणून खालच्याची शिक्षाही होत नाही. जागा कुणाची हे मेरिट ठरवतं. तुमच्या यादीचा क्रम एवढंच सांगतो की मिळण्यासारख्या जागांपैकी तुम्हाला कोणती जास्त हवी आहे.

म्हणून नियम सोपा आहे: जे जास्त हवं ते वर. मिळेल की नाही याचा विचार क्रम लावताना करायचा नाही. तो विचार करायचा यादी किती लांब ठेवायची हे ठरवताना. खाली खात्रीचे ऑप्शन हवेतच, पण खाली.

या प्रकारच्या गणिताला मोठा इतिहास आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेश आणि जोड्या जुळवण्यावर एक छोटा शोधनिबंध लिहिला. त्याच धाग्यावरच्या कामासाठी शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे आयआयटी-एनआयटीचे प्रवेश २०१५ पासून 'जोसा'मधून एकत्र होतात, त्यामागेही याच कुळातलं अल्गोरिदम आहे. मनापासूनचा क्रम लिहिणाऱ्याचं नुकसान होऊ नये, हा या सगळ्या अल्गोरिदमचा गाभा आहे.

पण ऑटो फ्रीझचं काय?

इथे थोडं सांभाळून. २०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा होता:

- पहिल्या फेरीत पहिला ऑप्शन मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ, पुढच्या फेऱ्या बंद.
- दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं तर फ्रीझ.
- तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं तर फ्रीझ.

त्याखालचा ऑप्शन मिळाला तर जागा स्वीकारून 'बेटरमेंट' निवडता येतं. पुढच्या फेरीत वरचं काही मिळालं की आधीची जागा आपोआप जाते. म्हणजे मागे फिरता येत नाही.

आता नेटवाल्याचा सल्ला परत वाचा. 'मिळण्यासारखं' कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं तर पहिल्याच फेरीत ते मिळणार, फ्रीझ होणार आणि खेळ तिथेच संपणार. पुढच्या फेऱ्यांत आवडती ब्रांच खाली उतरली तरी तुम्ही बाहेर. उलट, वर मनापासून हव्या असलेल्या सहा-सात अवघड जागा टाकल्या, तर खात्रीची जागा फ्रीझच्या पट्ट्यात येत नाही आणि बेटरमेंटचा दरवाजा उघडा राहतो.

नियम दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे यंदाच्या माहितीपत्रकातलं फेऱ्यांचं पान स्वतः वाचा.

कटऑफची पीडीएफ कशी वाचायची?

कटऑफ कॉलेज ठरवत नाही. त्या फेरीत त्या जागेवर शेवटी आलेल्या विद्यार्थ्याचा मेरिट नंबर आणि पर्सेंटाईल म्हणजे कटऑफ. म्हणून तो दरवर्षी हलतो. तुलना करताना मेरिट नंबरपेक्षा पर्सेंटाईल बघा, कारण परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की मेरिट नंबर बदलतो.

पीडीएफमधले कोड बघून घाबरू नका. 'जीओपीईएनएच' तीन भागांत वाचायचा:

- पहिलं अक्षर: जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव.
- मधला भाग: प्रवर्ग. ओपन, एससी, एसटी, ओबीसी वगैरे. एनटी१, एनटी२, एनटी३ म्हणजे अनुक्रमे एनटी-ब, एनटी-क, एनटी-ड.
- शेवटचं अक्षर: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होम सोडून इतर, एस म्हणजे राज्यस्तरीय.

शेवटच्या अक्षरात आपल्या भागातली पोरं हमखास फसतात. जिथे एच आणि ओ अशी विभागणी असते, तिथे ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीत येतो. सोबत संभाजीनगर, जालना आणि धाराशिव. लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली मात्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे.

होम युनिव्हर्सिटी तुमच्या गावावरून नाही, सर्वसाधारणपणे बारावी कुठून पास झालात त्यावरून ठरते. सिरसाळ्यातल्या दोन सख्ख्या भावांचं उदाहरण घ्या. एकाने अंबाजोगाईतून बारावी केली, दुसरा लातूर पॅटर्नच्या ओढीने लातूरला गेला. घर एक, पण होम युनिव्हर्सिटी दोन! पहिल्याने लातूरच्या कॉलेजचा कटऑफ बघताना 'ओ' रकाना बघायचा, दुसऱ्याने 'एच'. चुकीचा रकाना बघितला की सगळा अंदाज चुकतो.

अजून एक गोंधळ. होम युनिव्हर्सिटी म्हणजे डिग्री देणारं विद्यापीठ नव्हे. मराठवाड्यातली अनेक इंजिनिअरिंग कॉलेजेस रायगड जिल्ह्यातल्या लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे कॉलेज जवळचं, हद्द संभाजीनगरची आणि डिग्रीवर नाव लोणेरेचं. काही कॉलेजेस स्वायत्त आहेत, तिथे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः ठरवतं. कॉलेज निवडताना या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासा.

क्रम ठरवण्याआधी काय विचारायचं?

अल्गोरिदम तुमचा क्रम प्रामाणिकपणे पाळेल, पण क्रम लावायचा तुम्हालाच. ब्रोशर सगळ्यांचीच छान असतात. त्यामुळे सध्या तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या निदान दोघांशी बोला. 'कॉलेज कसं आहे?' विचारलं तर 'चांगलं आहे' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा हे विचारा:

- गेल्या आठवड्यात किती लेक्चर आणि प्रॅक्टिकल प्रत्यक्षात झाली?
- तुझ्या ब्रांचच्या किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाचा पगार किती? सर्वात मोठं पॅकेज एकट्याचं असतं, त्यावर वर्गाचा अंदाज लावू नका.
- हॉस्टेलला जागा मिळते का? मेस धरून महिन्याचा खर्च किती?
- एनबीए मानांकन आहे का आणि तुमच्या ब्रांचला आहे का? नॅक संपूर्ण संस्थेला मिळतं, एनबीए ब्रांचनुसार असतं.

फी कॉलेजच्या एजंटला विचारू नका. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी त्यांच्या वेबसाईटवर असते. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचे ऑप्शन जरूर भरा, पण तिथे फक्त ट्यूशन फी माफ होते हे लक्षात ठेवा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ८ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत हातची जाते.

आणि ब्रांच? कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, आयटी, एआय-डेटा सायन्स यांचा पाया बराचसा सारखाच असतो. केवळ नावात 'एआय' आहे म्हणून कमकुवत कॉलेज वर टाकू नका. नोकरीच्या मुलाखतीत मला प्रोग्रॅमिंग आणि डेटा स्ट्रक्चर विचारलं गेलं, ब्रांचच्या नावाचा अर्थ कुणी विचारला नाही.

मेरिट असूनही जागा जाते ती इथे

ज्यांना नॉन-क्रिमिलेअर लागतं त्यांनी तारीख बघा. ते ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या शैक्षणिक वर्षाच्या शेवटापर्यंत, ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. जात वैधता प्रमाणपत्र लवकरात लवकर काढा. मुदतीत कागद नाही आला तर राखीव प्रवर्गातला विद्यार्थी ओपनमध्ये धरला जातो. आपल्याकडे अनेकांचे आईवडील दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. त्यामुळे आजोबांच्या शाळेचा दाखला, जुने महसुली पुरावे यांची शोधाशोध ते जायच्या आधी, अकरावीतच सुरू करा. निकालानंतर तहसीलला रांग कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे.

नेट कॅफेवर फॉर्म भरताना

कॅफेवर भरायला हरकत नाही, पण:

- मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, कॅफेवाल्याचा नको. ओटीपी तिथेच येतो.
- पासवर्ड स्वतः टाका, भिंतीवरच्या वहीत लिहून ठेवू नका.
- यादी घरून कागदावर क्रमाने, चॉईस कोडसकट लिहून न्या. स्क्रीनसमोर बसून विचार करू नका.
- भरल्यावर कागद आणि स्क्रीन ओळीने ताडून बघा. कन्फर्म करून प्रिंट हातात घेतल्याशिवाय उठू नका.

मामेभावाचं काय झालं? त्या रात्री फोनवर दोन तास बसून आम्ही यादी उलटी केली. नशिबाने फॉर्म अजून कन्फर्म केलेला नव्हता. दुसऱ्या फेरीत त्याला चौदावा ऑप्शन मिळाला, बेटरमेंटने तिसऱ्या फेरीत नववा. स्वप्नातलं कॉलेज नाही मिळालं. पण ब्रांच त्याला हवी ती आहे, आणि आधीच्या यादीत पहिल्या नंबरला असलेलं कॉलेज आता एकोणतिसाव्या नंबरला होतं.

तुमच्या गावात यंदा कुणी बारावीला असेल तर त्याला एवढं एक वाक्य नक्की सांगा: मिळेल ते वर नाही, हवं ते वर.