डिबगरला 'सी' विचारण्याआधी

मॅटलॅबमधून पायथॉनकडे वळताय? मग माझी एक चूक वाचून ठेवा. तीन तास चाललेलं सिम्युलेशन ब्रेकपॉइंटवर थांबलं. कॉन्सन्ट्रेशनची किंमत बघायला मी सवयीने व्हेरिएबलचं नाव टाकलं, 'सी'. मॅटलॅबने किंमत दाखवली असती. पायथॉनच्या पीडीबी डिबगरमध्ये मात्र 'सी' म्हणजे 'कंटिन्यू'. प्रोग्राम पुढे पळाला, तीन तास पाण्यात! 'एन' हीसुद्धा कमांडच आहे: पुढच्या ओळीवर जा.

असं का होतं? पीडीबी तुमचा शब्द आधी स्वतःच्या कमांडमध्ये शोधतो. तिथे सापडला नाही, तरच तो पायथॉनचा कोड म्हणून चालवतो. म्हणून किंमत हवी असेल तर आधी 'पी', मग जागा सोडून व्हेरिएबलचं नाव लिहा; किंवा नावाआधी उद्गारचिन्ह द्या. नव्या भाषेचा सिंटॅक्स आपण शिकतोच. तिच्या डिबगरची रीतही शिकून घ्या.