पोहरा सोडून तर पाहा!

बालमित्रांनो, ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ ही म्हण तुम्हाला ठाऊक आहेच. पेपर कोरा राहिला की मोठी माणसं हीच ऐकवतात. पण पुष्कळदा आडात पाणी असतं, पोहरा सोडायची सवय नसते!

शहापूर-मुरबाडकडची आमची मुलं विज्ञानाचा धडा तीन-तीनदा वाचतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. पुस्तक मिटलं की आठवत नाही. मग ‘पोराला डोकंच नाही’ असं घरचे ठरवून टाकतात. थांबा, एवढी घाई नको.

2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक सूर्याविषयी, दुसरा समुद्रातल्या पाणमांजरांविषयी. एक उतारा पुन्हा वाचायचा. दुसरा मात्र न बघता, आठवेल तेवढा कागदावर लिहायचा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला. पण ज्यांची परीक्षा आठवड्याने घेतली, त्यांचं काय झालं? पुन्हा वाचलेल्यातलं शंभरात 42 भाग आठवलं, लिहून काढलेल्यातलं 56! म्हणजे आठवायचा प्रयत्न हाच खरा अभ्यास.

तुम्हीही करून बघा. समजा, खडकांचा धडा झाला. संध्याकाळी पुस्तक मिटून स्वतःलाच विचारा, ‘माहुली गडाचा काळा दगड कोणता? तो कसा तयार झाला?’ बेसाल्ट, लाव्हारस थंड होऊन, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी! चुकलं तर पुस्तक उघडून बघा. तेच प्रश्न दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा विचारा. मधे थोडं विसरलात तरी हरकत नाही, जोर लावून आठवलेलं जास्त टिकतं. शाळेच्या वाटेवर, एसटीची वाट बघताना एकमेकांना विचारा. गुणांची भीती नाही, क्लासची फी नाही.

आणि पालकहो, तुम्हाला वाचता येत नसलं तरी अडत नाही. चुलीपाशी बसून एवढंच म्हणा, ‘आज काय शिकलास, मला सांग बघू.’ आणि मधे न रागावता ऐका.

चला, आता अंक मिटा! तो प्रयोग कोणत्या साली प्रसिद्ध झाला? दुसरा उतारा कोणत्या प्राण्याविषयी होता? आठवतंय ना? मग पुढच्या आठवड्यात स्वतःला पुन्हा विचारा!