वसईची डोल आणि समुद्रातला कचरा

मच्छीमार : किल्लाबंदर, पाचूबंदर, नायगाव, अर्णाळा इथले कोळी, मांगेला, वैती.

डोल : नरसाळ्यासारखं लांब जाळं. समुद्रात खुंटांना बांधतात, तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे. माशांचा पाठलाग नाही. प्रवाह आणेल ते आत. त्यामुळे बोंबील, जवळा, करंदीबरोबर प्लास्टिकही भरतं. इवल्याशा जवळ्यातून पिशव्यांच्या चिंध्या हातानंच वेचाव्या लागतात.

कचऱ्याची वाट : दक्षिणेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचं मुख. वरच्या अंगाला कल्याण, डोंबिवली, ठाणे. उत्तरेला वैतरणा.

डांबरगोळे : समुद्रात सांडलेल्या तेलाचे चिकट गोळे. पावसाळी वाऱ्यांबरोबर किनाऱ्याला लागतात.

प्लास्टिक पिशव्यांवर राज्यात बंदी : २०१८ पासून.