फुकट मिळतं, पण आपोआप चालत नाही

उबुंटूवर किंवा रास्पबेरी पाय ओएसवर एखादा प्रोग्राम हवा असेल, तर एक ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचा. या दोन्ही प्रणाली उभ्या आहेत त्या डेबियनच्या पायावर. इयन मर्डॉक या अमेरिकी विद्यार्थ्यानं ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं. २०२५ साली आलेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत. मालक कंपनी नाही. अधिकृत सदस्य साधारण हजारभर, आणि त्यांच्या जोडीला जगभरचे इतर स्वयंसेवक. हे कसं चालतं याबद्दल संगणकाच्या धंद्यात असलेल्यांच्या डोक्यातही बरेच गैरसमज असतात.

गैरसमज १ : कोणीही उठून त्यात काहीही घुसवू शकतो.

वस्तुस्थिती : कोड वाचायला सगळ्यांना मोकळीक आहे, पण पॅकेज भांडारात चढवायचा हक्क मोजक्यांनाच. चढवलेल्या प्रत्येक पॅकेजवर हक्कदाराची डिजिटल सही लागते. नवख्यानं बांधलेलं पॅकेज एखादा जुना सदस्य तपासतो आणि स्वतःच्या सहीनं पुढे पाठवतो; त्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. सदस्य व्हायचं तर आधी काम दाखवावं लागतं आणि ओळखही पटवावी लागते. म्हणून डेबियनच्या परिषदांमध्ये एकमेकांची ओळखपत्रं पाहून डिजिटल किल्ल्यांवर सह्या करण्याची जुनी प्रथा आहे. भांडारात पहिल्यांदाच येणारं पॅकेज ‘न्यू’ नावाच्या रांगेत थांबतं. तिथं त्याचे परवाने तपासले जातात, आणि या तपासणीला कधीकधी आठवडेही लागतात.

गैरसमज २ : मेंटेनर म्हणजे तो प्रोग्राम लिहिणारा.

वस्तुस्थिती : लिहिणाऱ्याला या वर्तुळात ‘अपस्ट्रीम’ म्हणतात. मेंटेनर त्याचं काम घेऊन ते बाकीच्या हजारो पॅकेजेसशी जुळवतो. आपल्या लिपीचंच उदाहरण घ्या. ‘लोहित देवनागरी’ हा फॉन्ट रेड हॅटनं मोफत उपलब्ध करून दिला. डेबियनमधलं त्याचं पॅकेज फॉन्ट सांभाळणारा स्वयंसेवकांचा गट बघतो. समजा, कोणी तक्रार केली की ‘वाऱ्यावर’ या शब्दातला ऱ्य पीडीएफमध्ये तुटतो. आता दोष फॉन्टचा, अक्षरजुळणी करणाऱ्या हार्फबझचा, की पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रामचा? मेंटेनर आधी तोच बिघाड स्वतःच्या मशीनवर घडवून पाहतो. दोष फॉन्टचा निघाला तर अपस्ट्रीमला कळवतो, दुरुस्ती पॅकेजमध्ये घालतो, चेंजलॉगमध्ये तक्रारीच्या क्रमांकासह नोंद करतो आणि पॅकेज ‘अनस्टेबल’मध्ये चढवतो. तिथं नवा गंभीर दोष निघाला नाही, तर साधारण पाच दिवसांनी ते ‘टेस्टिंग’मध्ये जातं, आणि टेस्टिंगमधूनच पुढची स्थिर आवृत्ती निघते. वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त ऱ्य नीट दिसू लागतो.

गैरसमज ३ : व्हर्जन जुनं, म्हणजे त्यातली भोकंही तशीच.

वस्तुस्थिती : कंपन्यांच्या सुरक्षा तपासणीत हा घोळ नेहमी होतो. स्कॅनर नुसता व्हर्जन नंबर वाचतो आणि अहवालात लाल खूण करतो. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मात्र व्हर्जन सहसा बदलत नाहीत. नव्या व्हर्जनमधली सुरक्षेची दुरुस्ती तेवढी काढून जुन्या कोडमध्ये बसवली जाते. याला ‘बॅकपोर्ट’ म्हणतात. मूळ नंबर तोच राहतो आणि मागे ‘डेब१२यू१’ असं काहीतरी शेपूट लागतं. त्यामुळे खरं उत्तर त्या शेपटात, पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये आणि डेबियनच्या सुरक्षा नोंदवहीत सापडतं. हे काम किचकट असतं, कारण नव्या कोडसाठी लिहिलेली दुरुस्ती दोन-तीन वर्षं जुन्या कोडमध्ये जशीच्या तशी क्वचितच बसते.

गैरसमज ४ : कोड खुला आहे, म्हणजे हजारो डोळे त्यावर असतात.

वस्तुस्थिती : डोळे असू शकतात, असतातच असं नाही. ‘हार्टब्लीड’ हा दोष मार्च २०१२ मध्ये ओपनएसएसएलच्या व्हर्जनमधून बाहेर पडला आणि उघडकीला आला एप्रिल २०१४ मध्ये. इंटरनेटवरचे असंख्य सर्व्हर ज्याच्या भरवशावर होते, त्या प्रकल्पाला तोवर वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत होती. पाणी भरणारे शेकडो आणि गाळ उपसणारा एखादाच, अशी ती स्थिती.

चूक पॅकेज बांधणाऱ्याच्या हातूनही होते. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमधून एका तपासणी साधनाच्या तक्रारीमुळे कोड काढला गेला, आणि त्याबरोबर किल्ल्यांची यादृच्छिकताच गेली. एका प्रकारच्या यंत्रावर ठरावीक लांबीच्या जेमतेम ३२,७६८ वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. हे कळायला मे २००८ उजाडलं.

२०२४ चं एक्सझेड प्रकरण तर हेतुपुरस्सर होतं. फाइली दाबून लहान करणारा हा छोटा प्रकल्प बराच काळ मुख्यतः एकच माणूस मोकळ्या वेळात सांभाळत होता. ‘जिआ टॅन’ नावानं वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला. दुसरीकडे काही अनोळखी खाती ‘कामं रखडतायत, नवा मेंटेनर घ्या’ असा तगादा लावत होती. शेवटी ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा घातला गेला. डेबियन अनस्टेबल वापरणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आलं की एसएसएचनं लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. ते मुळापर्यंत गेले आणि २९ मार्चला त्यांनी सगळं जाहीर केलं. चोरदरवाजा अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत पोहोचला होता, स्थिर आवृत्तीत आला नव्हता. ‘डेबियन फार हळू चालतं’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना त्या दिवशी या हळू चालण्याचा उपयोग कळला.

गैरसमज ५ : पैसे ओतले की प्रश्न मिटेल.

वस्तुस्थिती : पैसे लागतातच. लिनक्सच्या कर्नलवर काम करणारे बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या कंपनीचे पगारी आहेत. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांना नेहमीच्या तीन वर्षांनंतर आणखी दोन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, त्यामागेही कंपन्यांच्या पैशावर काम करणारे लोक आहेत. पण २००६ चा अनुभव विसरून चालणार नाही. पुढची आवृत्ती वेळेवर, ४ डिसेंबरला, निघावी म्हणून ‘डंक-टँक’ या उपक्रमातून दोन रिलीज मॅनेजरना मोबदला देण्याचं ठरलं. बाकीचे तसंच काम फुकट करत असताना दोघांनाच पैसे का, यावरून खडाजंगी झाली. काहींनी निषेध म्हणून हात आखडता घेतला. आवृत्ती निघाली ८ एप्रिल २००७ ला.

गैरसमज ६ : मेंटेनर सोडून गेला की पॅकेज संपलं.

वस्तुस्थिती : ज्याला जमत नाही त्यानं पॅकेज रीतसर ‘ऑर्फन’, म्हणजे पोरकं, जाहीर करावं अशी पद्धत आहे. अशा पॅकेजेसची यादी सर्वांना पाहता येते आणि कोणीही पुढे येऊन पॅकेज दत्तक घेऊ शकतो. मेंटेनर गप्प असेल आणि दोष गंभीर असेल, तर दुसरा सदस्य त्याच्या वतीनं दुरुस्ती चढवतो. ती बहुधा काही दिवस थांबवून ठेवली जाते, म्हणजे मेंटेनरला हरकत घ्यायला वेळ मिळतो. गंभीर दोष तसाच राहिला, तर ते पॅकेज पुढच्या आवृत्तीतून वगळलं जातं. खरी भीती असते ती काम सोडलेलं असूनही नाव तसंच ठेवणाऱ्या मेंटेनरची, कारण जागा रिकामी आहे हे कोणाला कळतच नाही.

गैरसमज ७ : प्रोग्रामिंग येत नसेल तर आपला काय उपयोग?

वस्तुस्थिती : डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठीचा पर्याय आहे, कारण कोणीतरी बसून एकेक वाक्य मराठीत आणलं. नवी वाक्यं आली आणि त्यांचं भाषांतर झालं नाही, तर ती इंग्रजीतच दिसतात. दोष कळवणं हेही कामच आहे. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं, तर मेंटेनरची संध्याकाळ तुम्हालाच प्रश्न विचारण्यात जाते. पॅकेजचं नाव, शेपटासकट पूर्ण व्हर्जन, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं नीट लिहून दिलं की तीच संध्याकाळ दुरुस्तीला मिळते. ‘रिपोर्टबग’ हे साधन व्हर्जन आणि यंत्राची माहिती स्वतःच भरतं; बाकीचं तुम्ही लिहायचं.