तिकिटावाचून नाट्य : ख्रिस्ती कीर्तन आणि लोकांचे दान

नाटक म्हटले की रंगमंच, पडदा, दिवे आणि दारावर तिकिटे विकणारा मनुष्य एवढ्या गोष्टी आपल्या मनापुढे उभ्या राहतात. ह्यांपैकी शेवटची गोष्ट काढून टाकली तर नाट्य चालेल काय, आणि चालले तर कोणाच्या बळावर, हा प्रश्न आज आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे मांडीत आहोत. उत्तरासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. औंध, सातारा व सांगली ह्या आपल्याच मुलखात ते सापडण्याजोगे आहे.

सन १८४३ मध्ये विष्णुदास भावे ह्यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' हा खेळ केला व मराठी रंगभूमीचा आरंभ तेथून धरण्याची वहिवाट पडली. त्या खेळास सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन ह्यांचा आश्रय होता. सन १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले, तेव्हा भाव्यांस आपली मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. आणि १८५३ मध्ये मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकिटे लावून खेळ केले. येणेप्रमाणे अवघ्या दहा वर्षांत आपल्या रंगभूमीने पोट भरण्याच्या दोन रीती पाहिल्या : एक राजाश्रय व दुसरी तिकीट. राजाश्रय राजाच्या आयुष्याबरोबर सरतो. आणि तिकिटाचा नियम असा की, ज्याच्या कनवटीस पैसा नाही त्याने दाराबाहेर उभे राहावे.

तिसरी रीत ह्या दोहोंहून फार जुनी आहे. ती कीर्तनाची होय. कीर्तनास तिकीट नसते. देवळाच्या ओसरीवर किंवा चावडीपुढे जाजम अंथरले की सभागृह सिद्ध झाले. कोणी दिवाबत्तीचे तेल देतो, कोणी कीर्तनकारास जेवू घालतो, आणि शेवटी आरतीचे तबक फिरते त्यात ज्याला जे सुचेल ते तो टाकितो. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः कीर्तन करीत, ही गोष्ट आपल्याकडील वडील माणसांस ठाऊक असेलच. ज्याने आश्रय द्यावयाचा तोच श्रोत्यांपुढे सेवक होऊन उभा राहिला, हे ह्या कलेचे वैशिष्ट्य होय. त्याच औंधात १९४० साली गायनाचार्य अंतुबुवा जोशी ह्यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी ह्यांच्या स्मरणार्थ संगीतोत्सव सुरू केला. कला ही सेवा म्हणून अर्पण करावी, हा विचार ह्या मातीत असा मुरलेला आहे.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांनी हीच रीत आपलीशी केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगराकडे (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली, व कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांच्यासारख्या कवी-कीर्तनकारांनी त्यांस योग्य अशी पदे रचिली. साचा जुनाच ठेविला. आरंभी नमन, मग पूर्वरंग, म्हणजे एखाद्या वचनाचे निरूपण, आणि नंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. टाळ, मृदंग, तबला व पेटी ही साथीस असत. आख्यान मात्र पवित्र शास्त्रातील : योसेफाचे, रूथचे, किंवा उधळ्या पुत्राचे.

ह्यास आम्ही नाट्य का म्हणतो, ते उधळ्या पुत्राच्या आख्यानावरून कळेल. कीर्तनकार एकच, पण क्षणात तो वाटणी मागणारा उद्धट धाकटा मुलगा होतो, क्षणात डुकरांपुढील शेंगांकडे आशाळभूतपणे पाहणारा भुकेला होतो, आणि दुसऱ्याच क्षणी वाटेकडे डोळे लावून बसलेला म्हातारा बाप होतो. उपरणे खांद्यावरून डोक्यावर गेले की पात्र बदलले. झांज घेऊन उभा असलेला साथीदार मधूनच शंका काढितो व त्यातून संवाद उभा राहतो. श्रोतेही धृपद उचलून धरितात. म्हणजे प्रेक्षक आणि नट ह्यांतील भिंतच राहत नाही. जत्रेस आलेला निरक्षर शेतकरी पुस्तक वाचू शकत नसे; पण हा बाप त्यास आपल्याच गावचा वाटे.

ह्या परंपरेतील सर्वांत परिचित नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचे. त्यांचा जन्म १८६१ चा. १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. कवी म्हणून त्यांची कीर्ती महाराष्ट्रभर होती, आणि भजन व कीर्तन ही त्यांची आवडती साधने होती. सन १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडिली, साताऱ्यास येऊन राहिले व 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. आता दरमहाचा पगार नाही. देव जे देईल व लोक जे आणून देतील त्यावर चालावयाचे. उतारवयात, घरसंसार असता, मनुष्य असे का करितो? कारण समजण्यास कठीण नाही. परदेशी पैशावर बोलणाऱ्याचे शब्द लोकांस परदेशीच वाटतात. ज्यांच्या भाकरीवर आपण जगतो, त्यांच्याच भाषेत व त्यांच्याच सुरात आपण बोलू लागतो.

येथे कोणी असा समज करून घेऊ नये की, विश्वासावर चालणे म्हणजे हिशेब न ठेवणे. अशा कार्यास तीन भये असतात. पहिले, मोठा दाता आपल्या मर्जीप्रमाणे आख्यान वळवू पाहतो. दुसरे, फुकट मिळालेल्या वस्तूची श्रोत्यांस किंमत वाटत नाही. तिसरे, तबकातील पैशांचा जाब विचारणारा कोणी नसला म्हणजे विश्वासच नासतो. ह्यांवर उपाय साधे आहेत. एकाच्या मोठ्या देणगीपेक्षा पुष्कळांच्या लहान देणग्या बऱ्या; पैसा देता येत नसेल त्याने जाजम अंथरावे, साथीदारांस घरी उतरवून घ्यावे; आणि आलेल्या पै-पैचा हिशेब मंडळीपुढे वाचून दाखवावा. मंदिरातील पेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण ऐकिली आहे. तिच्या नाण्यांस मोल आले ते तिच्या त्यागामुळे. म्हणून तर त्यांची उधळपट्टी करण्याचा अधिकार कोणास नाही.

परदेशांतही ह्याचे दाखले आहेत. जर्मनीतील ओबरआमरगाऊ ह्या गावाने १६३३ मध्ये प्लेगच्या साथीत नवस केला की, आम्ही ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा खेळ करीत राहू. पहिला खेळ १६३४ मध्ये झाला, आणि पुढे तो दर दहा वर्षांनी करण्याचा प्रघात पडला. सन २०२० चा खेळ करोनाच्या साथीमुळे लांबला, तो २०२२ मध्ये झाला. तेथे आता तिकिटे विकली जातात, जगभरचे लोक येतात. तथापि रंगमंचावर उभे राहणारे सुतार, शिक्षक, दुकानदार हे गावचेच असतात. उलट, गोमंतकीय ख्रिस्ती समाजाचे कोंकणी तियात्र १८९२ मध्ये मुंबईत जन्मले, ते तिकिटावर वाढले व आजही जोमात आहे. तेव्हा तिकीट हे पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. तियात्रास गर्दी लागते. कीर्तनास गाव लागते.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस वारले. दरबारास अवघी दोन वर्षेही झाली नव्हती, आणि संस्था म्हणून तो त्यांच्यामागे फार काळ चालला नाही. मग हा प्रयोग फसला काय? त्यांची भजने मराठी मंडळ्यांच्या उपासनेत आजही गाइली जातात. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पूर्णतेस नेले. शाळेत न गेलेल्या ह्या बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी वाङ्मयात अढळ स्थान मिळविले. संस्था गेली, पण जे लोकांच्या कंठी बसले ते राहिले.

तथापि कंठही शिकवावा लागतो. पद पाठ नसलेल्या घरात कीर्तन टिकत नाही. ह्यास्तव आईबापांस आमची विनंती आहे की, घरातील वृद्ध माणसांस ठाऊक असलेली पदे व आख्याने मुलांकडून लिहून घ्यावीत. आणि विद्यार्थ्यांनो, येत्या नाताळात भाड्याचे पोशाख व पडदे ह्यांच्या काळजीत पडण्यापूर्वी एक उपरणे, एक पेटी व एक टाळजोडी घेऊन पाहा. कथा चांगली असेल व तुम्ही ती मनापासून सांगाल, तर जाजम अंथरावयास शेजारी आपण होऊन येतील.